हळदीचा लेप

धुळे, ९ फेब्रुवारी १९५५

सोनगीरचे आबा गेले. सोमवारी कापसाची गाडी उलटून ते खाली सापडले होते. बाहेर जखम नाही, फक्त कुशीवर निळा डाग. ‘साहेब, चक्कर येस,’ म्हणाले. मी रक्तदाब मोजलाच नाही. बाहेर रांग होती ना! मुका मार आहे, हळदीचा लेप लावा, म्हणून घरी पाठवलं.

आज शवविच्छेदन मीच केलं. दोन्ही मूत्रपिंडांवरच्या, रक्तदाब सांभाळणाऱ्या छोट्या ग्रंथी आतल्या आत रक्ताने काळ्याठिक्कर. रक्तदाब मोजला असता तर कळलं असतं? निदान ठेवून तरी घेतलं असतं. कुशीवर हळद तशीच होती, जाड.

बाहेर त्यांची बायको उभी. ‘हळद कमी पडनी का, साहेब?’

‘नाही अक्का,’ म्हणालो. मग काय कमी पडलं, ते तिने विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.