तू विचारलं होतंस

प्रिय धाकट्या,

तू फोन उचलत नाहीस, म्हणून लिहिते आहे. पाकीट फोडल्याशिवाय तुला राहवत नाही, हे मला लहानपणापासून ठाऊक आहे.

पिटुकली ठणठणीत आहे. घर डोक्यावर घेते, आणि सुट्टीत तुझ्या डोंगरावरच्या वेधशाळेत पाहिलेल्या दुर्बिणीच्या बढाया मारून वर्गाचे कान किटवते. परवा डॉक्टरीणबाईंनी पुन्हा तपासलं. त्या म्हणाल्या, उंचावरची विरळ हवा बाधली तर लहान मुलं नीट सांगत नाहीत. खाणं-खेळणं सोडतात, किरकिर करतात, उलट्या होतात. आपल्याला वाटतं, प्रवासाचा शीण. तेव्हाच सावध व्हायचं, आणि चालताना तोल जायला लागला तर क्षणही न दवडता खाली आणायचं. तू तेच केलंस. सकाळी तिची पावलं अडखळताना दिसली, तसा ऑक्सिजन लावून जीप खाली हाकलीस.

आणि मी काय केलं? दवाखान्याच्या व्हरांड्यात, सगळ्यांदेखत तुला म्हणाले, "पोटचं पोर असतं तर आदल्या दिवशीच कळलं असतं तुला." मूल नसल्याचं दुःख तुम्ही नवरा-बायको कसं गिळता, हे माझ्याइतकं कोणाला माहीत? तरी नेमकं तिथेच बोट ठेवलं. जिभेला हाड नसतं म्हणतात, माझ्या जिभेला लगामही नाही. तू खाली मान घालून निघून गेलास.

काल तिची वेणी घालताना सहज विचारलं, मामाकडे डोकं दुखत होतं का गं. म्हणाली, खूप. मामा आदल्या संध्याकाळी पुन्हापुन्हा विचारत होता, पण ती नाहीच म्हणत राहिली. का म्हणून विचारलं, तर शाबासकी मागावी तशी माझ्याकडे वळून म्हणाली, "तूच सांगितलं होतंस ना, मामाला त्रास द्यायचा नाही."

निघताना गालगुच्चा घेऊन मीच बजावलं होतं. आपल्या घरात गुणी मूल म्हणजे दुखलं तरी न बोलणारं. आईने आपल्याला तेच शिकवलं, मी तिला. तू विचारलं होतंस, हे दवाखान्यात तू बोललाही नाहीस. चूक माझी, आणि मी ती तुझ्या पदरात घातली. मला माफ केलं नाहीस तरी चालेल, पण तिच्याशी बोलणं टाकू नकोस. तुझा फोन येत नाही, तेव्हा आपण मामाला त्रासच दिला, असं ती धरून बसली आहे.

तुझीच,
तोंडाळ ताई