प्रसादाच्या पावाला दुसरा हात

याश, ३ फेब्रुवारी

ती. सावेता मावशीस,

सान्झियानाचा सा. न. वि. वि. मठात तुला सगळ्या सेराफिमा माई म्हणतात, माहीत आहे. पण माझ्या आईची धाकटी बहीण ती माझी मावशी. देवाशी तुझं जे ठरलंय ते तुमचं तुम्ही बघा.

फोनच करणार होते. पण तुमच्या मठात फोन एकच, तोही थोरल्या माईंच्या खोलीत, आणि त्या ऐकत नाही असं दाखवून सगळं ऐकतात. म्हणून लिहायला बसले. चुका काढू नकोस, बारावीला दोनदा आपटलेल्या पोरीचं पत्र आहे हे.

बातमी अशी की मला नोकरी लागली. खोटं नाही, आईला विचार! इथल्या इस्पितळात डॉक्टर उर्साके बाई एक संशोधन करतायत. पाळी जाऊन वर्षं झालेल्या बाईला परत रक्त जायला लागलं, तर आत कॅन्सर आहे का हे सोप्या रीतीने कसं कळेल, असं. एरवी भूल देऊन पिशवी आतून खरवडून तपासायला पाठवतात. बाईंना बघायचंय की नुसत्या कापसाच्या बोळ्यावर आलेल्या पेशींवरून तेच कळतं का. माझं काम काय? आलेल्या बायकांना बसवायचं, चहा द्यायचा आणि पळून जाऊ द्यायचं नाही. खेड्यातल्या बायका दारापर्यंत येतात आणि म्हणतात, मी आपली शेजारणीबरोबर आले. शेजारीण पण तेच म्हणते!

कोणी तोंडच उघडेना. मग टेबलावर ती प्लास्टिकची गर्भपिशवी असते ना शिकवायची, तिला मी लोकरीची टोपी घातली. काळी, तुझ्यासारखी. एक आजी हसता हसता रडायला लागली आणि मग सगळं भडाभडा बोलली. उर्साके बाईंनी मला झापलं. टोपी मात्र राहू दिली.

आता तक्रार. पाणी मंतरायच्या सणाला आई मठात आली होती, तिथून प्रसादाचे पाव घेऊन आली. मावशी, हे काय गं? तळ करपलेला, वरचा क्रुसाचा शिक्का वाकडा. आई म्हणाली, हल्ली एफ्टिमिया माई भाजते. का? त्या भट्टीला तू कोणाला हात लावू द्यायची नाहीस. तुला काढलं की काय? येऊ का भांडायला?

लोभाची आणि अक्रोडाच्या मुरांब्याची वाट बघणारी,
सान्झी

*

पोयाना मठ, १२ फेब्रुवारी

चि. सान्झियानास सेराफिमा माईचे (तुझ्या लेखी मावशीचे) अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. चुका काढल्या नाहीत, जन्म पुरला नसता. नोकरीचं वाचून एक मेणबत्ती लावली, टोपीचं वाचून दुसरी. थोरल्या माईंनी पत्र मोठ्याने वाच म्हटल्यावर मला मध्येच खोकल्याचं सोंग करावं लागलं. असल्या गोष्टी कागदावर लिहितात का, कार्टे?

पावाचं म्हणशील तर माझा खांदा दुखतो, कणीक मळवत नाही. आता बदकं सांभाळते. शिक्का वाकडा पडला म्हणून बदकं तक्रार करत नाहीत. एफ्टिमिया सत्तरीनंतर शिकतेय, तिला नावं ठेवू नकोस.

देवळात मी सध्या बाहेरच्या ओसरीतच उभी राहते. आत धुपाने गुदमरतं. गारठा असतो, पण चालतं.

आईला सांग, जुन्या सुती चादरी असतील तर पाठव. इथे फडक्यांना लागतात.

देवावर लोभ ठेव, त्यातला उरला तर माझ्यावर.
सेराफिमा माई

*

याश, २० फेब्रुवारी

ती. मावशीस आज नमस्कार उभ्याउभ्याच, कारण मला राग आलाय.

खांदा दुखला की कणीक मळवत नाही, मान्य. पण खांदा दुखतो म्हणून फेब्रुवारीत देवळाच्या ओसरीत कोण उभं राहतं? आणि धूप? तुला? धूप नसेल तर तुला घास गिळवत नाही!

मी रोज इथे बायकांना विचारते, रक्त दिसल्यावर काय केलंत. सगळ्या एकच सांगतात. प्रसादाच्या कणकेला हात लावला नाही, देवाच्या तसबिरीला ओठ लावले नाहीत, ओसरीत उभी राहिले, आणि थांबायची वाट बघितली. कोणी थंडीभर, कोणी वर्षभर. नवऱ्याला सांगत नाहीत, डॉक्टरला तर नाहीच. पण कणकेपासून लांब होतात. म्हणजे कणकेला आधी कळतं आणि डॉक्टरला सगळ्यात शेवटी.

तू अठ्ठावन्न वर्षांची. तुझी पाळी कधीच गेलीय. आई सांगते, ती गेली म्हणूनच तुला भट्टी मिळाली. आणि आता तुला परत रक्त जातंय. चादरी कशाला हव्यात ते मला कळलंय, मावशी.

तुझं नाव न घेता मी उर्साके बाईंना विचारलं. म्हणाल्या, अशा दहाजणींत नऊजणींचं किरकोळ असतं, एखादीला कॅन्सर निघतो. ती एखादी वेळेत आली तर पिशवी काढून बहुतेकदा बरी होते. वाट बघत बसली, तर मग अवघड. कोण आहे ती, असं त्यांनी विचारलं. बदकं राखते एक, म्हटलं.

तू नऊतली की दहावी, ते ओसरीत उभं राहून कळणार नाही. ये.

तुझीच, आणि मुळीच न हसणारी,
सान्झी

*

पोयाना मठ, १ मार्च

सान्झियानास आशीर्वाद. न देणं पाप, म्हणून.

हो. द्राक्षं तोडायच्या दिवसांपासून. आधी डाग, आता जास्त. एफ्टिमियाला सांगावं लागलं, भट्टी कोणाच्या तरी हाती द्यायची होती. ती आनंदाने रडायलाच लागली. म्हणे, बायबलातल्या सारेला म्हातारपणी तारुण्य आलं तसं तुला आलंय, हा आशीर्वाद. मी म्हटलं, सारेला पोर झालं, माझ्या पदरात बदकं आहेत. मग म्हणाली, तर ही परीक्षा असेल. थांबेपर्यंत पावापासून लांब राहा आणि जप कर. तेच करतेय.

येणार नाही. मठाबाहेर पडायला थोरल्या माईंची परवानगी लागते, आणि परवानगीला कारण लागतं. हे कारण मी माझ्या आईपुढेसुद्धा कधी उच्चारलं नाही.

दुसरं तुला ठाऊक नाही ते सांगते, एकदाच. मठात यायच्या आधी मी सूतगिरणीत होते. तेव्हा सरकारला जास्त पोरं हवी होती. कोणाला दिवस गेलेत आणि कोणी पाडलं ते कळावं म्हणून आम्हा पोरींना रांगेत उभं करून टेबलावर चढवायचे. दार उघडंच. बाहेर फोरमन सिगरेट ओढत. तुला चालेल का, असं मला कोणी विचारलं नाही. ज्या दिवशी गिरणी सोडली त्या दिवशी ठरवलं, त्या टेबलावर परत चढणार नाही. आणि तू म्हणतेस संशोधन! सशांवर करा.

तू पाठवलेला वसंताचा लाल-पांढरा दोरा मिळाला, मनगटाला बांधलाय. रागावलेली आहे म्हणून सोडला नाही.
मावशी

*

याश, ७ मार्च

ती. मावशीस सा. न., आणि या वेळी खाली वाकून.

गिरणीचं आईने कधी सांगितलं नव्हतं. तूही होतीस का तिथे, असं तिला विचारलं. ती उठून भांडी घासायला लागली, घासलेलीच.

खरं सांगते, तुला आणायला मी एक झकास बेत केला होता. थोरल्या माईंना फोन करायचा की आईचा पाय मोडलाय, सावेताला पाठवा. प्लास्टरसुद्धा मिळवलं होतं! उर्साके बाईंना हसत हसत सांगायला गेले. त्यांनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, फसवून आणलेली बाई हो म्हणाली तर त्या हो ला काही किंमत नाही. तिला आयुष्यात एकदा न विचारता टेबलावर चढवलंय, तू दुसऱ्यांदा चढवणार का? असं केलंस तर उद्यापासून येऊ नकोस. (गिरणीचं मी त्यांना सांगितलं, नाव अजूनही नाही.)

आणि हे तुला सांगायला लावलंय. तपासणी वेगळी, संशोधन वेगळं. तपासणी तुला मिळणारच. संशोधनाचा तो बोळा घेऊ देणं न देणं तुझ्या हातात. नाही म्हणालीस तरी औषधपाणी तेच, वागणं तेच. हो म्हणून मग नाही म्हणालीस तरी चालतं. डॉक्टर बाईच आहे. दाराला आतून कडी आहे. थांबा म्हटलं की थांबतात. परवा एक बाई टेबलावरून उतरून चहा प्यायला आली, दुसरा कप प्यायली आणि आपण होऊन परत गेली.

तेव्हा फसवत नाही. मला फार जड जातंय, अंगाला खाज सुटलीय. शनिवारी कोस्तेल मामाची गाडी घेऊन मठाच्या फाटकाशी येऊन बसेन. आत येणार नाही, कोणाला काही सांगणार नाही. तू आली नाहीस तर संध्याकाळी परत जाईन. मग पुढच्या शनिवारी. मग त्याच्या पुढच्या. मला दुसरं काम नाही, हे तुला माहीत आहे.

तुझी हट्टी,
सान्झी

*

पोयाना मठ, २५ मार्च

चि. सान्झीस आशीर्वाद, आज मनापासून.

इस्पितळातलं तुला अर्धंच माहीत आहे, मठातलं तर काहीच नाही.

पहिल्या शनिवारी मी खिडकीतून बघत होते. बर्फ पडत होतं आणि माझी बदकं तुझ्या हातातला पाव पळवत होती. तू त्यांना ज्या शिव्या देत होतीस त्या काचेतूनही कळल्या. मी आले नाही. दुसऱ्या शनिवारी थोरल्या माईंनी विचारलं, ती पोर कोणाची, दर शनिवारी फाटकाशी काय करते? आत का येत नाही? मी म्हटलं, भाची. माझी वाट बघते. कशाला? आणि मग मी सांगितलं. ते शब्द तोंडातून काढताना मी भिंतीकडे बघत होते.

त्या मग म्हणाल्या, बदक लंगडलं तर तू त्याच दिवशी बोंबलत माझ्याकडे येतेस, आणि स्वतःसाठी द्राक्षांपासून गप्प? मी परीक्षेचं बोलले तर म्हणाल्या, परीक्षा देवाला घेऊ दे, त्याचा पेपर तू काढू नकोस. आणि जीपची किल्ली घेतली. तुझ्या गाडीत बसवायला त्या तयार नव्हत्या. म्हणे, ती पोर गाडी चालवते ते बघून माणूस आपोआप प्रार्थना करतो.

इस्पितळात दाराची कडी मी स्वतः लावली. ओढून बघितली. टेबलावर चढल्यावर थांबा म्हटलं. दुखत नव्हतं. खरंच थांबतात का ते बघायचं होतं. थांबल्या. डॉक्टरबाई हात बाजूला घेऊन उभ्या राहिल्या, घाई नाही, चेहरा वाकडा नाही. मी छताकडे बघत पडले होते आणि मला त्या गिरणीतल्या पोरींची आठवण आली, सगळ्यांची. मग म्हटलं, करा.

बोळ्यालाही हो म्हटलं. थोरल्या माईंनी तो कागद चष्मा लावून वाचला, डॉक्टरबाईंना एवढं विचारलं की त्या घामाघूम झाल्या. पण हो मीच म्हटलं. उत्तर यायचंय. तुला कळलं तर लपवू नकोस.

लोभ होताच. आता उघड करते.
सावेता मावशी

*

याश, २ एप्रिल

ती. मावशीस,

सा. न. वि. वि. उत्तर आलंय. मला माहीत नाही. मी उर्साके बाईंच्या मागे लागले, कागद उलटा ठेवला होता तो वाऱ्याने उडावा म्हणून खिडकी उघडली, सगळं केलं. त्या म्हणाल्या, ते सावेताचं आहे, पहिल्यांदा तिलाच कळेल. आणि खिडकी लावली.

तुला मंगळवारी बोलावलंय. रात्रीचे कपडे घेऊन ये म्हणाल्या. याचा अर्थ काय ते मी विचारलं नाही, आणि तू पण वाटेत विचार करू नकोस. जे असेल ते असेल. मी दारापाशीच आहे. आईसुद्धा येतेय, आणि ती गिरणीचं बोलायला लागलीय.

तुझी,
सान्झी

*

पोयाना मठ, २० मे

ख्रिस्त उठला आहे, सान्झी. ईस्टरचं ठरलेलं उलट उत्तर तू मनात दे.

टाके सुकले. कॅन्सर होता, पण पिशवीच्या भिंतीतच, पुढे गेला नव्हता. पिशवी गेली, तो गेला. आता दर काही महिन्यांनी दाखवायला यायचं, बस. डॉक्टरबाईंनी सांगितलं की त्या बोळ्यावरही तेच दिसलं होतं. मी म्हटलं, मग काम झालं तुमचं! तर म्हणाल्या, एका बाईवरून काही सिद्ध होत नाही, अजून शेकडो हव्यात.

परवा ईस्टरनंतरचा स्त्रियांचा रविवार होता. सात गावांच्या बायका मठात. पूजा झाल्यावर अंगणात पानं वाढली, बायका कोबीच्या गुंडाळ्या खात बसल्या. थोरल्या माईंनी पळी घेऊन पातेल्यावर आपटली. आम्हाला वाटलं, मीठ कमी पडलं. म्हणाल्या, पाळी जाऊन वर्षं झालीत आणि परत रक्त दिसतंय अशी तुमच्यात कोणी आहे का? अशा मोठ्या आवाजात, सान्झी, की पाद्रीबाबा ताट घेऊन कोठारात निघून गेले.

जी ती ताटात बघतेय. मला काय झालं कोण जाणे, मी उभी राहिले. म्हटलं, मला होतं. मला वाटलं परीक्षा आहे. कॅन्सर होता. काढला. ही बघा मी उभी आहे, आणि तीन गुंडाळ्या खाल्ल्या आहेत.

खूप वेळाने कोपऱ्यातल्या एकीने चमचा खाली ठेवला. माझ्याच वयाची, हात शेतात राबलेले. मग तिच्या समोरचीने ठेवला. मग तिसरी माझ्याकडे आली आणि तिने कानात विचारलं, दाराला खरंच कडी आहे का?

मंगळवारी त्यांना घेऊन मी येतेय. थोरल्या माई जीप चालवतील. तिघींपैकी दोघी गिरणीतल्या आहेत. डॉक्टरबाईंना सांग, तिथे मी बसेन त्यांच्याजवळ. आणि तू त्यांना काही पटवायला जाऊ नकोस हं, तुझं तोंड फार चालतं. त्यांना फक्त विचारायचं. मग त्या काय म्हणतात ते गप्प राहून ऐकायचं, कितीही वेळ लागला तरी.

तुझ्यावर लोभ करायला आता थोडी जास्त वर्षं मिळालीत, त्याचा फायदा घेणारी,
सावेता मावशी