अरेपा, आणि माघारी आलेला डबा

१४ जून २०१९, क्वालालंपूर

मक्याची भाकरी खाल्ली. समुद्र ओलांडून येऊन — मक्याची भाकरी!

देविका म्हणाली, "आई, लेकीच्या घरी येऊन पण तू स्वयंपाकच करणार का? लातूरला दीडशे डबे भरतेस ते पुरे नाही? चल बाहेर." जावईबापू ऑफिसात होते, आम्ही दोघीच निघालो. लाँड्रीच्या वर जिना चढून सहा टेबलांचं हॉटेल. व्हेनेझुएलाचं. हा देश कुठं येतो तेही मला ठाऊक नव्हतं. देविकानं मोबाइलवर दाखवला — दक्षिण अमेरिकेच्या पार डोक्यावर.

मी आधी विचारलं, मटणाचा तवा वेगळा आहे का? देविका लाजली, पण तिनं विचारलं. वेगळा होता. मालकीणबाईंनी तो आणूनच दाखवला!

भाकरीला अरेपा म्हणतात. बशीएवढी, पण बोटभर जाड. वरून खरपूस, आतून मऊ. बाजूनं चिरून खिसा करतात. त्यात शिजवलेला काळा घेवडा, पांढरं खारट चीज आणि पिकल्या केळाचे तळलेले काप. घेवड्यात केळ! ऐकून तोंड वाकडं केलं होतं. खाल्लं तर छान. तिखट मात्र नावालाही नाही. पिशवीत शेंगदाण्याची चटणी होती, ती वरून भुरभुरली. मग तर काय! आपली मक्याची भाकरी गार झाली की चिवट होते, ही होत नाही. मकाच म्हणे आधी शिजवून मग दळतात.

अर्धी खाल्ली. पुढचा घास जाईना. एकदमच जाईना.

मालकीण ताट उचलायला आली आणि उचलेना. मार्लेनी नाव. माझ्याहून थोडी मोठी असेल. नवरा इथं तेलाच्या कंपनीत इंजिनिअर होता, नोकरी गेली, देशात परत जायची सोय नाही, म्हणून हे हॉटेल. ती खुर्ची ओढून माझ्याजवळच बसली.

"आई, ती विचारतेय — चव बिघडलीय का? दात दुखतोय का? का घरी कुणाला काही झालंय?"

"पोट भरलं म्हणावं."

देविकानं सांगितलं. मार्लेनी माझ्याकडं बघत राहिली. तिला पटलं नव्हतं.

१५ जून

देविका सारखी विचारते, काय झालं. काही नाही म्हणाले.

१७ जून

इथं बाहेर कुणाला मराठी वाचता येत नाही, देविका आणि जावईबापू माझ्या वहीला हात लावत नाहीत. लिहून टाकते.

आमच्या मेसमध्ये नांदेडची एक मुलगी होती, विशाखा. डॉक्टरकीच्या नीट परीक्षेच्या क्लासला आलेली. होस्टेल आमच्या मागच्याच गल्लीत, डबा आमचा. एप्रिलमध्ये आमच्याकडं कामाला असलेली धुरपताबाई डबे घासताना म्हणाली, "काकू, ह्या पोरीचा डबा तसाच माघारी येऊन राहिला. झाकण बी उघडलं न्हाई."

मी म्हणाले, बाहेर खात असेल.

दोन दिवसांनी ती पुन्हा बोलली. "आज बी तसाच हाय." मी म्हणाले, परीक्षा जवळ आलीय, मुलींचं असंच असतं. नऊ दिवस! रोज संध्याकाळी तो डबा मी माझ्या हातानं उघडून रिकामा केला. रजिस्टरमध्ये तिच्या वडिलांचा नंबर होता. होस्टेल पन्नास पावलांवर. माझं चित्त सगळं पासपोर्टात आणि देविकाकडं न्यायच्या सामानात.

नीटला दोन आठवडे राहिले असताना ती जिन्यावर चक्कर येऊन पडली. मांडीचं हाड मोडलं. परीक्षा बुडाली. जेवलं की झोप येते म्हणून जेवणच सोडलं होतं तिनं. पाणी, चहा आणि बिस्किटं.

हे एवढंच असतं तरी सोसलं असतं. तिचे वडील, व्यंकटराव, शाळेत क्लार्क आहेत. सामान न्यायला आले तेव्हा मेसच्या दारात हात जोडून उभे राहिले. "ताई, परक्या गावात तुम्ही तिला आईवाणी जेवू घातलं. तुमचे उपकार हायत."

आणि मी म्हणाले — "मी रोज विचारायचे तिला, बाळा जेवलीस का म्हणून."

कसं आलं तोंडातून? धुरपताबाई आत भांडी घासत होती. तिचे हात थांबलेले मला ऐकू आले.

१९ जून

यांचा फोन. नवीन बॅच आली, एकशे साठ डबे झाले, धुरपताबाईवर सगळं पडतंय, लवकर ये. मी म्हणाले, धुरपताबाईला फोन द्या. "कामात हाय म्हणते," हे म्हणाले.

२१ जून

जावईबापूंनी, आलोकरावांनी, पेरू देशाच्या हॉटेलात नेलं. उकडलेल्या बटाट्याच्या चकत्या, त्यावर पिवळ्या मिरचीचं चीज घातलेलं दाट वाटण. त्यात अंडं नाही ना, ते त्यांनीच आधी विचारून घेतलं. मक्याचे दाणे अंगठ्याएवढे! आलोकरावांनी लिंबाच्या रसातला कच्चा मासा मागवला, मी खिडकीबाहेर बघितलं.

ते म्हणाले, "आई, बटाटा, मिरची, शेंगदाणा, मका, सगळं त्या मुलखातून आलंय आपल्याकडं." मिरची तिकडची? मग आमचे पूर्वज जेवत काय होते! खूप हसले. पोट धरून हसले. पुन्हा वाढून घेतलं.

आणि मग वाटलं, मी हे काय करून राहिले? नांदेडला ती पोरगी खाटेवर पडलीय. मी सातासमुद्रापार बसून दुसऱ्यांदा वाढून घेतेय.

२४ जून

एकटीच मार्लेनीकडं गेले. दुपारी गिऱ्हाईक नव्हतं. तिनं एप्रन दिला. पीठ मळायला घेतलं. मी बोटांनी थापायला गेले तर तिनं माझे हात धरून दाखवलं, दोन्ही तळव्यांत गोळा फिरवत फिरवत दाबायचा. तिसरी बरी जमली.

मोबाइल दोघींच्या मधे ठेवला. मी हिंदीत बोलायचं, तो तिच्या भाषेत बोलायचा. तिनं विचारलं, स्वयंपाकाच्या धंद्यात कशी आलीस?

सांगितलं. त्र्याण्णवचा भूकंप. औशाकडचं आमचं गाव जमीनदोस्त झालं. सासू-सासरे गेले. देविका पोटात होती. पत्र्याच्या शेडमध्ये राहायचो आणि मोठ्या पातेल्यांत सगळ्यांचा भात शिजायचा. वाढायला मी. जो पंगतीला आला नाही त्याच्या शेडमध्ये मी ताट घेऊन जायचे. काही माणसं भिंतीकडं तोंड करून पडलेली असायची. त्यांच्याजवळ बसून राहायचे, दोन घास जाईपर्यंत. एकवीस वर्षांची होते!

हे बोलले आणि पुढचं आपोआप आलं. विशाखाचं. डब्याचं. व्यंकटरावांना मारलेल्या थापेचंही.

फोन सगळं सांगून गप्प झाला. मार्लेनीनं तव्यावरची अरेपा उलटली. मग विचारलं, "बापाला खरं सांगितलंस?"

"नाही."

"मग मला कशाला सांगतेस?"

रागानं नाही म्हणाली. पण डोळे पुसायला रुमालही दिला नाही. बरं केलं.

२५ जून

तिकीट अलीकडचं करून घेतलं. देविका रुसलीय. तिलाही सगळं सांगितलं. ऐकून ती माझी बॅग भरायला बसली.

२९ जून, लातूर

आले. धुरपताबाईसमोर बसले. म्हणाले, "तू दोनदा सांगितलंस आणि मी ऐकलं नाही."

"दोनदा न्हाई. चारदा," ती म्हणाली. मग डबे मोजायला लागली.

७ जुलै

नांदेडला जाऊन आले. यांनी थांबवलं, "कशाला उकरून काढतेस? लोकांच्या कानावर गेलं तर मेस बंद पडंल." तरी गेले.

विष्णुपुरीच्या अलीकडं त्यांचं घर. व्यंकटराव रविवार म्हणून घरीच होते. मला बघून केवढे खूश झाले! "अगं, लातूरच्या ताई आल्या, चहा टाक." तिची आई आत गेली. मला चहाआधीच बोलायचं होतं, नाहीतर चहा घेतला असता आणि तशीच परत आले असते.

सगळं सांगितलं. डबा माघारी यायचा. मला माहीत होतं. मी एकदाही गेले नाही. तुमच्यासमोर खोटं बोलले.

व्यंकटराव खाली बघत होते. चेहरा असा झाला, जणू मला नाही, त्यांनाच कुणी पकडलंय. "बसा," एवढंच म्हणाले आणि चप्पल घालून बाहेर निघून गेले. परत आलेच नाहीत.

विशाखा वॉकर धरून आतल्या दारात उभी होती. किती वाळलीय!

"काकू, नऊ नाही," ती म्हणाली. "अकरा दिवस. पहिले दोन दिवस मी डबा मैत्रिणीला दिला होता."

"माझ्यावर रागव, बाई."

"रागवून झालं माझं," म्हणाली. "तुम्ही याल असं कुठं वाटलं होतं." याचा अर्थ काय धरायचा? माफ केलं असं तर ती म्हणाली नाही. मीही माफी मागितली नाही.

तिच्या आईनं चहाचा कप समोर ठेवला. चहा संपवला आणि उठले.

८ जुलै

आज डबे परत आल्यावर एकेक उघडून बघितला. तीन अर्धे. तिन्ही ठिकाणी जाऊन आले. एकीला ताप होता. एकाला वांगं आवडत नाही! तिसरी दार उघडेना, तर दाराबाहेर बसून राहिले. शेवटी उघडलं.

११ जुलै

व्यंकटरावांचा फोन. शाळेतून, हळू आवाजात. विशाखानं उपाशी राहायला लागल्याच्या पाचव्या दिवशी त्यांना फोन केला होता. "बाबा, मला अन्न जात न्हाई, घरी न्या." व्यंकटराव म्हणाले होते, "नीटची परीक्षा होईपर्यंत दम धर, आईला सांगू नको, ती रडत बसंल." पोरीनं पाय मोडून घेतला, पण आजपर्यंत आईला सांगितलं नाही. बापाला सांभाळून घेतलं.

"ताई, हे तिच्या आईला सांगायचंय, पण मला एकट्याला बोलवंना. तुम्ही समोर बसाल का?"

उद्या सकाळच्या गाडीनं नांदेड.