संरक्षित खुर्ची

४ जून
ती. काकांस,
सा. न. वि. वि.
नियोजन खात्याने मला इकडे अभ्यासाला धाडलंय. कोणत्या प्रदेशांनी प्रगती कशी साधली आणि आपल्यासारख्यांनी त्यातून काय घ्यावं, यावर रोज व्याख्यानं असतात. काहींनी म्हणे नवख्या उद्योगांना बाहेरच्या मालापासून आडोसा दिला आणि ते वाढले. तुम्ही खुर्च्यांचा कारखाना बंद करताय असं काकूने कळवलं. घाई करू नका.
माया आहे तशीच राहो, जमल्यास वाढो.
तुमची पुतणी,
ठमी

१९ जून
चि. ठमीस अनेक आशीर्वाद.
तुझ्या पत्राने हुरूप आला. बाहेरचं फर्निचर घरातून हद्दपार केलं. आता सगळ्यांनी माझ्याच खुर्च्यांवर बसायचं. त्या जरा डुगडुगतात, पण उद्योग नवखा आहे. बावीस वर्षं मी तो नवखाच ठेवलाय. तुझी काकू उभ्याने जेवते. शेजारचे वकील खुर्चीसकट कलंडले, ते आता खिडकीतूनच बोलतात. विक्री मात्र वाढलेली नाही. ती कधी वाढते, ते विचारून कळव.
तुझा काका

२ जुलै
ती. काकांस सा. न.
मी लिहिलं तेव्हा व्याख्यान अर्धंच झालं होतं. उरलेलं असं, की आडोसा मुदतीचा हवा आणि तेवढ्यात माल सुधारून परक्या गिऱ्हाइकापुढे ठेवता आला पाहिजे. आडोसा कायमचा झाला तिथे उद्योग झोपले. शिवाय दुसऱ्याचं जसंच्या तसं उचलू नये, आपलं माप आपण घ्यावं. कृपा करून काकूला बसू द्या.
तुमची ठमी

३० जुलै
चि. ठमीस आशीर्वाद.
तुझं पत्र ह्यांच्याआधी मीच फोडलं आणि मुदत संपल्याचं जाहीर केलं. दुकानातून एक खुर्ची आणून ह्यांच्या खुर्चीशेजारी मांडली. आला-गेला तिच्याकडेच वळायचा. ह्यांनी दोन दिवस तोंड फुगवलं. मग ती खुर्ची उलटी करून तिचे सांधे निरखत बसले. म्हणाले, सांधे हिच्यासारखे करू, पण हिची पाठ टोचते, ती आपल्या मापाचीच ठेवू. आता आमची खुर्ची तसूभर हलत नाही. वाचनालयाने मागणी नोंदवलीय, कारखाना चालू राहणार.
काल वकील घरात आले नि आमच्या खुर्चीवर ऐसपैस बसले. सगळेच आमच्या खुर्च्यांवर होते. दुकानातल्या खुर्चीवर एकटे हेच. का म्हणून विचारलं, तर म्हणाले, प्रतिस्पर्ध्याला दाबून ठेवलाय.
तब्येत सांभाळ, आमची आठवण असू दे.
तुझी काकू