युहास म्हंजी कोण

कासुर्डी

युहास पाव्हणं, रामराम.

तुम्हाला मराठी येत न्हाई, आन् साधनाकडून वाचून घ्या म्हणायची मला लाज वाटती. तवा ही चिठ्ठी माझ्याच पेटीत ऱ्हाईल.

तुमच्या पोराशी लगीन करून माझी साधना हंगेरीला गेली, तवापास्नं भावकी एकच इचारती, "हरिबा, जावई आपल्यातला, धनगर हाय का?" मान खाली घालून घालून थकलो.

परवा साधना फोनवर म्हणली, "आबा, युहास हे आडनाव म्हंजी त्यांच्या भाषेत मेंढपाळ. ह्यांचे पणजोबा मेंढरांमागंच म्हातारे झाले." मी उठलो, भावकीला सांगाया चपला घातल्या, आन् परत काढल्या. सांगू काय? मी मेंढरं इकून ऊस लावला. तुमच्या घरातबी आता मेंढरू न्हाई म्हणं.

काल आपला नातू व्हिडिओ फोनवर मोडक्या मराठीत म्हणला, "आबा, मेंढी दाखव." मी दारातली शेळी दाखवली. पोरगं टाळ्या पिटून नाचलं.

पाव्हणं, तुम्ही तिकडं गप ऱ्हावा. आपल्या दोघांत मिळून तेवढीच एक मेंढी हाय.

तुमच्यातलाच,
हरिबा