दोन होड्या

बाई, पहिलीचा वर्ग वाचला. हे सांगायला दुसरं कोणी राहिलंच नाही. शाळेतल्या बाकीच्या बाई मला टाळायला लागल्यात, मुलगी फोनवर म्हणते की आई, हे तू तिसऱ्यांदा सांगतेयस. म्हणून तुम्हाला. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, तुम्ही काही मला मध्येच थांबवणार नाही. वर्ग तोच आहे, खाडीकडच्या खिडकीचा, जिथं तुम्ही मला पहिलीला शिकवलंत. कौलं जाऊन स्लॅब आलाय आणि खिडकीतून खाडीच्या आधी टॉवर दिसतात, एवढाच काय तो फरक. गेल्या जूनमध्ये हेडसरांनी मला बोलावून सरळ सांगितलं होतं की पुढच्या वर्षी इतकीच मुलं आली तर पहिली उघडणार नाही, आपल्या गावची, सारसोळ्याची पोरं मोठ्या रस्त्यापलीकडच्या शाळेत पाठवायची. सहा-सहा वर्षांची पोरं, आणि तो रस्ता! मी भांडले. सर म्हणाले, मॅडम, भांडून मुलं येत नाहीत. ते काही खोटं बोलत नव्हते. ज्याला परवडतं तो इंग्लिश मीडियमची व्हॅन दारात बोलावतो.

तर गेल्या थंडीत ऋतूंच्या उपक्रमांचं एक छापील किट आलं. हिवाळ्याच्या पाकिटात निळा कागद, त्यावर चिकटवायला कापूस आणि बर्फाच्या बाहुल्याचं गाजराचं नाक. आणि तुमची ही शहाणी विद्यार्थिनी, नोकरीची सगळी वर्षं पहिलीवर काढलेली, कौतुकानं कापूस पिंजत बसली. 'हिवाळ्यात बर्फ पडतो,' असं मी फळ्याशी उभी राहून म्हणाले सुद्धा. पहिल्या रांगेतली एक मुलगी, जिची आई मार्केटला मासे घेऊन बसते, कापूस हातात धरून म्हणाली, "बाई, बरफ तं रोज येतो. टेम्पोनं. त्याला थंडी कशाला लागते?" झालं. सगळा वर्ग सुटला. लादी कशी फोडतात, लादीवरचा भुसा कसा धुतात, पेटीत खाली बर्फ की आधी मासळी, यावर वाद. मी डस्टर आपटलं. फळ्याकडे बघा, म्हणून ओरडले. आणि ओरडता ओरडताच माझ्या हाताला पट्टीची ती जुनी चुणचुण जाणवली, आईशप्पथ.

तुम्हाला आठवत असेल का? तुम्ही विचारता, ऋतू किती. मी उभी आहे, परकर ओढत. मी म्हणते, दोन. पोरं हसतात. तुम्ही पुन्हा विचारता, मी पुन्हा म्हणते, दोन. मग पट्टी, एकच, पण लागली. दुसऱ्या दिवशी मी पोट दुखतं म्हणून घरी राहिले आणि संध्याकाळी तुम्ही चक्क आमच्या घरी आलात. देशावरून आलेल्या तुम्ही, मासळीच्या वासाला पदर नाकाशी नेणाऱ्या, आमच्या स्वयंपाकघरात पाटावर बसलात. आई जवळा निवडत होती. तिनं हात धुवून कोरा चहा टाकला. तुम्ही तिला सांगितलंत की हिला ऋतू येत नाहीत, आणि मला विचारलंत, दोन कोणते गं? मी दाराआडून म्हणाले, "होड्या चालू, नि होड्या बंद." आईनं चहा गाळता गाळता मान हलवली. "बरोबर सांगते ती, बाई. नारली पुनवेपर्यंत बंद, मग चालू. आमचं दोनच हाय."  तुम्ही कप पूर्ण संपवलात.

आणि दुसऱ्या दिवशी फळ्यावर दोन होड्या होत्या. एक पाण्यात, एक काठावर पालथी घातलेली. तुम्ही सगळ्या वर्गासमोर म्हणालात, "परवा मी चुकले. या गावात ऋतू असेही मोजतात, ते मला माहीत नव्हतं." मग रंगीत खडूंची अख्खी पेटी माझ्या हातात दिलीत, पाणी निळं कर म्हणून. शिकवणाऱ्या बाईही वर्गात 'चुकले' म्हणू शकतात, हे मी त्या दिवशी पाहिलं. मला बाईच व्हायचं होतं, ते तिथून.

म्हणून मी कापूस गोळा करून कपाटात टाकला आणि वर्गाला म्हणाले, मी चुकले, तुम्ही सांगा. बाई, काय सुरू झालं म्हणून सांगू! त्या मुलीच्या आईनं डब्यातून बर्फ पाठवला. एक तुकडा उन्हात, एक सावलीत, आणि पोरं पहारा देत बसली. सुकत घातलेले बोंबील आम्ही दहा-दहाच्या जुड्या करून मोजले. जिला बोटांवर वीस जमत नव्हते तिनं बोंबलांवर शंभर केले. मार्चमध्ये खाडीचं पाणी फडक्यानं गाळून स्टीलच्या ताटांत गच्चीवर ठेवलं. पहिली ताटं कबुतरांनी उलटी केली, तेव्हा हेडसर म्हणाले, मॅडम, अभ्यास कधी? मी म्हटलं, हाच. मग एकाचे आजोबा आले, अख्खी हयात मिठागरात गेलेले. त्यांनी जाळी घालून दिली आणि पोरांना बजावलं, हात लावू नका, त्याला बसू द्या. पोरं इतकी गप्प मी कधी पाहिली नव्हती. एका दुपारी ताटाच्या कडेला पांढरं चमकायला लागलं आणि आख्खी पहिली गच्चीवर नाचली. मीही नाचले, गुडघे गेले खड्ड्यात.

प्रत्येकानं आपल्या मिठाची पुडी बांधून, वर स्वतःच्या हातानं नाव लिहून घरी नेली. त्या पुडीनं काम केलं, बाई. सोसायटीच्या जिन्यात, मार्केटच्या ओट्यावर, सगळीकडे एकच विषय की आमच्या पोरानं मीठ बनवलं. व्हॅननं जाणारी पोरं आईच्या मागे लागली. या सोमवारी प्रवेश सुरू झाले. सकाळी फाटकाशी बायका बघून मला वाटलं पाण्याचा टँकर आला. सगळ्यात पुढे ती बर्फवाली आई, शेजारच्या दोघींना दंडाला धरून. त्याच दिवशी संध्याकाळी हेडसर रजिस्टर घेऊन माझ्या वर्गात आले, उभ्यानंच पानं उलटली आणि म्हणाले, "मॅडम, बाक कमी पडणार." मी म्हटलं, सर, तुम्हीच मागवा, मी भांडणार नाही. मग ते गेल्यावर मी खुर्चीत बसून खूप रडले, आनंदानंच.

भिंतीवर कधीपासून तीन ऋतूंचा तक्ता आहे आणि त्याच्या शेजारी मी रंगवलेल्या दोन होड्या. दर जूनला नवी पोरं विचारतात, ही पालथी का? मी त्यांना तुमची गोष्ट सांगते. दर वर्षी सांगते. आणि दर वर्षी एक गोष्ट गाळते. हे पत्र कपाटात त्या कापसाखाली जाणार आहे, म्हणून इथं लिहायला हरकत नाही. त्या दिवशी वर्गात मला होड्या-बिड्या काही सुचल्या नव्हत्या, बाई. पावसाळा आठवला, हिवाळा आठवला, आणि उन्हाळा डोक्यातून पार गेला. होड्यांचं मी जुळवलं ते दुसऱ्या दिवशी, तुम्ही आमच्या दारात चपला काढत होतात तेव्हा.