ताज्या चेहऱ्याची योजना

३ मार्च, सोमवार

नवे साहेब आले. वय चौतीस. मी विचारलं नाही, टेलिफोनवालीने सांगितलं. तिला सगळ्यांची वयं माहीत असतात.

साहेबांनी सगळ्यांना जेवणाच्या खोलीत उभं केलं. लिफ्ट दुरुस्तीचा धंदा बदलतोय, आपल्यालाही बदलावं लागेल, काही जागा कमी होतील आणि कंपनीला आता फ्रेश चेहरे हवेत, असं म्हणाले. हे म्हणताना ते माझ्याकडे बघत होते. माझ्या मागे भिंतीवर घड्याळ आहे, त्यामुळे ते घड्याळाकडेही बघत असतील. पण मला नाही वाटत.

मी घाबरलेलो नाही. फक्त दुपारी डबा उघडला नाही.

घरी निघताना ऑफिसच्या लिफ्टमधल्या आरशात पाहिलं. डोळ्यांखाली पिशव्या, गालांवर डाग. छप्पन वर्षांचा माणूस चक्क छप्पन वर्षांचा दिसत होता. इतके दिवस माझा समज होता की मी पंचेचाळिशीचा वाटतो. दोष दिव्याचा असणार. तो पांढरा दिवा सुटे भाग विभागाचा प्रमुख म्हणून मीच मागवला होता. (विभागात मी एकटाच आहे, पण प्रमुख आहे.)

निर्णय: चेहरा ताजा करणे. उद्यापासून.

४ मार्च, मंगळवार, सकाळ

बायको शिक्षिका, तिची शाळा सकाळची, ती माझ्या आधी निघते. तिच्या ड्रॉवरमध्ये लग्नकार्यापुरती ठेवलेली फाउंडेशनची बाटली आहे. बाथरूमला आतून कडी लावून लावलं. रंगारी भिंतीला लांबी भरतो तसं, आधी खड्डे बुजवले, मग सगळीकडून एक हात. डाग गेले. पिशव्या गेल्या. खरं तर सगळंच गेलं, भुवया तेवढ्या राहिल्या. बायको माझ्यापेक्षा बरीच गोरी, त्यामुळे रंग जरा फिका आला. आपण त्याला उजळ म्हणू.

तोच दिवस, संध्याकाळ

टेलिफोनवालीने विचारलं, बरं नाही का. मी म्हणालो, उलट झकास. ती म्हणाली, काही लागलं तर सांगा हं. आजवर तिने मला कधी काही लागतं का ते विचारलं नव्हतं. पहिल्याच दिवशी एवढा परिणाम.

दुपारी साहेबांनी हिशेब विभागातल्या लंबूला केबिनमध्ये बोलावलं. थोड्या वेळाने तो बाहेर आला, आपला चहाचा कप धुतला, पुसला आणि पिशवीत ठेवला. त्याची जागा गेली. माझ्या तळहातांना घाम सुटला. नशीब, फाउंडेशन हाताला लावत नाहीत.

घरी यायच्या आधी तोंड धुतलं. रुमाल टाकून द्यावा लागला.

६ मार्च, गुरुवार

अनुभवातून काही नियम केले आहेत. हसायचं नाही, तोंडाच्या कडांना तडे जातात. भरभर चालायचं नाही, घाम येतो. ओठ कमीत कमी हलवून हळू बोलायचं. जांभई आली तर पाठ फिरवायची.

याने माणसाला एक भारदस्तपणा येतो. लोक माझ्याशी बोलताना आवाज खाली आणतात. दोघांनी दार उघडून धरलं. चहावाल्या मावशींनी तर कप देताना साखर किती विचारलंसुद्धा नाही. "आता पथ्य असेल ना," म्हणाल्या. माणूस फिट दिसला की लोकांना वाटतं हा पथ्य पाळतो.

आज टायपिस्टचीही जागा गेली. माझ्या शेजारची खुर्ची. दिवसभर तिकडे बघायचं टाळलं.

१० मार्च, सोमवार

मला बोलावणं आलं.

केबिनपर्यंतचा रस्ता एरवी एवढा लांब नसतो. आत गेलो तर साहेब उठून उभे राहिले आणि त्यांनी स्वतः माझ्यासाठी खुर्ची ओढली. लंबूसाठी ओढली नव्हती, मी काचेतून पाहिलं होतं. मग बराच वेळ माझ्या चेहऱ्याकडे बघत राहिले आणि हळूच म्हणाले, "किती दिवस झाले?"

ओळखलं.  खोटं बोलण्यात अर्थ नव्हता. म्हणालो, "फार नाही, आठवडा होईल. घरी अजून माहीत नाही."

"घरी सांगितलं नाहीत?"

"बायकोला कळलं तर काही खरं नाही, साहेब."

साहेबांनी खिडकीबाहेर तोंड फिरवलं. म्हणाले, "माझ्या वडिलांनीही शेवटपर्यंत कुणाला कळू दिलं नाही."

म्हणजे वडीलही लावायचे. माझा जीव भांड्यात पडला. माणूस घरातलाच निघाला. मी म्हणालो, "त्यांना शोभत असणार." साहेबांनी विचित्र नजरेने पाहिलं, मग माझ्या हातावर हात ठेवला. म्हणाले, "तुमच्या जागेला मी हात लावणार नाही. हवी तेवढी रजा घ्या."

बाहेर येऊन जिन्यात बसलो. आनंदाने.

१२ मार्च, बुधवार

बाटली तळाला गेली. बायकोच्या लक्षात आलं. माझी बहीण मागच्या महिन्यात चार दिवस राहून गेली, तिनेच वापरलं असा बायकोचा निष्कर्ष. फोन करून तिला दोन टोमणे मारले. बहिणीने चार परत केले. मी मध्ये पडलो नाही. नणंद-भावजयीच्या भांडणात पुरुषाने पडू नये, हे माझं तत्त्व आहे. आजपासून.

गालांना खाज सुटते. पुळ्या आल्यात. त्या झाकायला आणखी एक थर द्यावा लागतो, आणि थराने आणखी पुळ्या येतात. पण आता थांबता येणार नाही. उद्या जुना चेहरा घेऊन गेलो तर साहेब काय म्हणतील, या विचाराने घास उतरत नाही.

१५ मार्च, शनिवार

कडी लावायची राहिली.

मुलगी दारात उभी. म्हणाली, "बाबा, तुझा चेहरा एका माणसाचा आणि मान दुसऱ्याची दिसतेय." मग तिने आईला हाक मारली. शनिवारी बायकोची शाळा नसते, हे मी विसरलो होतो.

बायको आली. मला वाटलं आता घर डोक्यावर घेणार. तिने माझ्याकडे पाहिलं, बाटलीकडे पाहिलं आणि पालथ्या बादलीवर बसली. मी सांगितलं, नोकरीसाठी आहे, ऑफिसात जागा कमी करताहेत, पण योजना यशस्वी होतेय. तिने विचारलं, "भीती वाटतेय का तुम्हाला?" मी म्हणालो, छे. ती हसली नाही. हसली असती तर बरं झालं असतं.

आधी बहिणीला फोन करायला लावला. मी सगळं कबूल केलं. बहिणीने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, शेड कुठली होती.

मुलीचं म्हणणं, लावायचंच असेल तर धड काहीतरी लाव. उद्या दुकानात जायचं.

१६ मार्च, रविवार

दुकानातल्या बाईंनी विचारलं, कुणासाठी हवंय. मी म्हणालो, भावासाठी. मुलीने माझ्याकडे बोट दाखवलं. बाईंच्या चेहऱ्यावरची रेष हलली नाही. हनुवटीखाली तीन रंगांची बोटं ओढली आणि मला दाराशी उजेडात नेलं. रस्त्यावरचे लोक बघत होते. मी आकाशाकडे बघत होतो.

बाईंनी समजावलं की फाउंडेशनचा जाड थर सगळं झाकतो, पण तो रोज दिवसभर अंगावर वागवणं तुमच्या त्वचेला झेपणार नाही. त्यापेक्षा हे टिंटेड क्रीम घ्या. मॉइश्चरायझरच आहे, त्यात जरासा रंग आणि उन्हापासून बचाव. हलकं आहे, आतली त्वचा दिसत राहते. मी विचारलं, डाग जातील? त्या म्हणाल्या, पुसट होतील. मी म्हणालो, पूर्ण जाणारं काही नाही का? त्या म्हणाल्या, "तुम्ही आत्ता लावून आलायत ना, तेच."

मला हे पटलेलं नाही. जे झाकतच नाही ते लावायचं कशाला? छत्रीला भोकं पाडून घेतल्यासारखं. पण मुलीने घेतलं. मटारच्या दाण्याएवढं पुरतं म्हणे.

रात्री नीट झोप येणार नाही असं दिसतं.

१७ मार्च, सोमवार

दाण्याएवढं लावलं. आरशात मीच होतो, फक्त झोप पूर्ण झालेला. घाबरत घाबरत ऑफिसात शिरलो.

टेलिफोनवालीने खुर्चीतून उठून पाहिलं. "अहो, किती छान दिसताय आज. रंग परत आला." मावशींनी विचारून दोन चमचे साखर घातली आणि पदराने डोळे पुसले. गोदामातला म्हातारा हमाल म्हणाला, औषध लागू पडलं वाटतं. मी म्हणालो, हो, मुलीने नवीन शोधून काढलं, एकदम हलकं, काही त्रास नाही. सगळ्यांनी तिचं कौतुक केलं. एका क्रीमने माणसं एवढी हळवी होतात हे मला माहीत नव्हतं.

उत्साहात लिफ्टच्या बटणांचं खोकं खांद्यावर घेऊन तीन मजले जिन्याने चढलो. वर साहेब उभे होते. तोंड उघडं ठेवून बघत राहिले.

निर्णय: ही वेळ साधायची. विभागात एक मदतनीस मागायचा.

२० मार्च, गुरुवार

साहेबांनी बोलावलं. पहिल्यांदाच न घाबरता गेलो.

"पूर्ण बरे झालात?"

"ठणठणीत, साहेब."

"डॉक्टर काय म्हणाले?"

"डॉक्टरची गरजच पडली नाही. दुकानातल्या बाईंनीच सांगितलं."

साहेबांना हे नीट कळलं नसावं, पण ते खुर्चीत मागे रेलले. म्हणाले, फार मोठं ओझं उतरलं, आता मोकळेपणाने बोलता येईल. सुटे भाग आता मुख्य गोदामातून येणार, या विभागाची गरज उरणार नाही. महिनाअखेर. "हे तुम्हाला आधीच सांगायचं होतं. पण तुम्ही एवढे आजारी, जीभच उचलली नाही."

मी विचारलं, कोण आजारी?

साहेबांनी माझ्या गालाकडे बोट केलं. साहेब म्हणाले, "तो चेहऱ्याचा पांढरेपणा..." मी म्हणालो, फाउंडेशन. बायकोचं.

साहेबांनी पेनाचं टोपण काढलं, लावलं, परत काढलं. रागावतील असं वाटलं. ते फक्त म्हणाले, "मी तुम्हाला माझ्या वडिलांचं सांगितलं हो."

मी उठून खुर्ची जागेवर सरकवली. मदतनिसाचं बोलायचं राहून गेलं.

२१ मार्च, शुक्रवार

काल घरी सांगितलं नाही. आज सांगितलं. बायको वह्या तपासत होती, तिने पेन खाली ठेवलं. मी म्हणालो, दुसरीकडे मिळेल, अनुभव आहे, चेहराही आता बरा आहे.  मग तिने परत तेच विचारलं, भीती वाटतेय का.

मी म्हणालो, हो. खूप. पहिल्या दिवसापासून.

तिने वह्या बाजूला सारल्या आणि मला शेजारी जागा केली.

३१ मार्च, सोमवार

निरोप समारंभ झाला. जेवणाच्या खोलीत, घड्याळाखाली. साहेबांनी माझ्या चिकाटीबद्दल चार शब्द सांगितले, बाकी मोघम बोलले. मावशी रडल्या. त्यांना अजूनही कुणी नीट सांगितलेलं नाही, आणि मलाही धीर झाला नाही.

भेट मिळाली. माझ्या आजारपणात सगळ्यांनी मिळून आणून ठेवलेली होती, दुकानदार परत घेईना. गरम पाण्याची रबरी पिशवी, लोकरी खोळीसकट. सोबत कार्ड: लवकर बरे व्हा. खाली सगळ्यांच्या सह्या. टेलिफोनवालीने 'लवकर' खोडायला घेतलं होतं, मग तसंच सोडून दिलं.

घरी आल्यावर बायकोने पिशवीत गरम पाणी भरून दिलं. पाठीशी घेऊन बसलोय. पाठ दुखत नव्हती. पण बरं वाटतंय.